कोणत्या उंदरांवर?

"अमुक औषध उंदरांवर यशस्वी" अशी बातमी तुमच्या फोनवर येते, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? खरं सांगा. बहुतेक जण काहीच विचारत नाहीत. हात जोडलेलं चित्र टाकतात आणि बातमी पुढच्या ग्रुपवर ढकलतात.

मी एक बाई ओळखते, त्यांना हे जमत नसे. त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या. मग दोन्ही हातांची ओंजळ करून समोरच्याच्या नाकाखाली धरायच्या, जणू तिच्यात काहीतरी जिवंत आहे. आणि विचारायच्या, "कोणत्या उंदरांवर?" उत्तर येईपर्यंत ओंजळ तशीच. समोरचा हसला तरी तशीच. विषय बदलून चहा आणायला उठला, तर ओंजळ त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरापर्यंत.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांनीच बजावलंय. "माझं नाव छापलंस की लोक माझ्याबद्दल बोलत बसतील. उंदीर राहतील बाजूला." आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

तेही सहजासहजी ठरलं नव्हतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलजवळ एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी नवी नवी लागले होते. उंदरांवरच्या सगळ्या प्रयोगांच्या त्या प्रमुख. मराठी आहेत म्हणून कळलं आणि मी आनंदाने म्हटलं, "काकू, तुम्ही नागपूरच्या ना?"

"काका कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोणते काका?"

"तेच तर मी विचारतेय. आधी काका दाखव, मग काकू म्हण. मी लग्न केलेलं नाही." मी ओशाळले. त्या मात्र शांतपणे ग्लोव्हज चढवत म्हणाल्या, "मावशी म्हण. आईची बहीण व्हायला लग्न लागत नाही."

मी इचलकरंजीची. माझे वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची असायची, त्यामुळे 'कामगार बंधूंनो, जागे व्हा' हे वाक्य मी बाराखडीबरोबरच शिकले. वडिलांचा एक नियम होता. पत्रकाच्या शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते लिहिलं नसेल, तर ते पत्रक नाही, रद्दी आहे. अशा घरातून आलेल्या मुलीला मावशी भेटल्या, आणि मावशींना घोषणांची ॲलर्जी. मी जरा तावात बोलायला लागले की त्या म्हणायच्या, "आवाज खाली ठेव. उंदरांना त्रास होतो."

आता आमची माऊस रूम, म्हणजे उंदीर ठेवायची जागा, तुम्हाला दाखवायला हवी. आत जाण्याआधी एक छोटी खोली. तिथे बाहेरचे बूट काढायचे, आतले घालायचे. अंगावर गाऊन, डोक्यावर टोपी. सेंट लावून आलात तर परत जा. आणि एक कडक नियम: आतल्या चपला आतच राहतात. एकदा आत आलेली चप्पल पुन्हा कधीही बाहेरच्या जमिनीला लागत नाही. मावशींच्या रबरी चपला गुलाबी होत्या. त्यावर त्यांनी जाड मार्करने देवनागरीत 'मावशी' लिहिलं होतं, म्हणजे कोणी दुसरं पाय घालणार नाही.

"इथे मराठी वाचणाऱ्या आपण दोघीच, मावशी."

"म्हणून तर. काय लिहिलंय हे कळलं नाही की माणूस हात लावायला घाबरतो."

पिंजरे साफ करायला डॅरेल नावाचा एक गृहस्थ होता, ॲशव्हिलकडच्या डोंगरातला, उंच, दाढीवाला, हळू बोलणारा. मावशींच्या हातून एखादी उंदरीण निसटली की त्या म्हणायच्या, "चल गं भवाने, घरी चल." डॅरेलने ते उचललं होतं. त्याच्या डोंगरी हेलात 'चॉल ग बवानी' असं ऐकू आलं की मला हसू आवरायचं नाही. मावशी मात्र त्याच्या उच्चारांना दाद द्यायच्या. "सूर बरोबर आहे," म्हणायच्या. "उंदीर सूरच ऐकतात."

तिथे दोन खोल्या होत्या. पहिलीला मावशी 'शाळा' म्हणायच्या आणि दुसरीला 'बाजार'.

शाळेत सगळे उंदीर काळे, एकाच आकाराचे, एकाच ठेवणीचे. लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्याच जोड्या लावत तयार केलेला तो वाण. इतके सारखे, की एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावला तरी शरीर तो परका मानत नाही. संशोधकांना हे फार सोयीचं. सगळे उंदीर सारखेच, म्हणजे जो फरक पडेल तो औषधाचाच. मावशींचा याला विरोध नव्हता. "शाळा हवीच," त्या म्हणायच्या. "पण शाळेतल्या शंभर उंदरांना औषध दिलं म्हणजे एकाच उंदराला शंभर वेळा दिलं. एवढं लक्षात ठेव, म्हणजे झालं."

बाजारात मात्र काळे, पांढरे, तपकिरी, पोटावर ठिपका असलेले, लठ्ठ, सडपातळ, रागीट, भित्रे. वेगवेगळ्या वाणांची मुद्दाम सरमिसळ करून वाढवलेले. कोणतेही दोन सारखे नाहीत, जशी कोणतीही दोन माणसं नसतात. त्यांच्यावर प्रयोग करायचा म्हणजे जास्त उंदीर, जास्त वेळ, आणि आकडे इकडेतिकडे उधळलेले. म्हणून बाजाराचे दिवे बहुतेक वेळ मंदच असायचे. मावशी जेवणाच्या सुट्टीत उगीच तिथे जाऊन उभ्या राहायच्या.

"काय बघता, मावशी?"

"गर्दी."

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मावशींची फूड कमिटीशी दरवर्षी भांडणं व्हायची, त्यातलं एक सांगते. भाड्याने घेतलेला हायस्कूलचा हॉल, महाप्रसादाची तयारी, मटकीच्या रश्श्याचं मोठं पातेलं. कमिटीचे प्रमुख काका, त्यांचे धाकटे भाऊ आणि त्या भावाचा मुलगा अशा तिघांनी रस्सा चाखला. "एकदम परफेक्ट!" काकांनी जाहीर केलं.

मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "चाखणारे तिघं एकाच घरचे?"

"मग काय झालं? तिघांना आवडलाय."

"एकालाच आवडलाय. तीनदा."

आणि त्यांनी डाव हातात घेऊन हॉलमध्ये फेरी मारली. नागपूरच्या एका सॉफ्टवेअरवाल्याला चाखवलं. तो म्हणाला, "छान आहे, पण मसाला टाकायचा राहिलाय का?" इथेच जन्मलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चाखवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, "ओ माय गॉड, वॉटर, वॉटर!" मग रत्नागिरीहून लेकीकडे आलेल्या एका आजींना वाटी दिली. आजींनी शांतपणे चघळलं, तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "चव बरी आहे गो. पण दाढेखाली खडा आला."

मावशींनी तो खडा उचलून काकांच्या नाकाखाली धरला. "तुमच्या घरात कोणाला लागला होता का हा?"

मटकी नव्याने निवडली, एक तिखट आणि एक बेताचं अशी दोन पातेली केली, जेवण उशिरा झालं, आणि कमिटी मावशींवर वर्षभर नाराज राहिली. आरतीच्या वेळी त्या गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदराकडे जरा जास्तच निरखून बघायला लागल्या, तेव्हा काका हात जोडून म्हणाले, "मावशी, निदान याला तरी नका विचारू कोणता म्हणून!"

त्यांच्याबरोबर राहणं सोपं होतं असं मुळीच समजू नका. हायवेवर त्या इतक्या हळू गाडी चालवायच्या की मागचे ट्रक भोंगे वाजवून थकायचे. कौतुक करायचंच नाही, असं त्यांचं व्रत होतं. मी महिनाभर खपून केलेल्या कामावर त्यांचा सगळ्यात मोठा शेरा म्हणजे "चालेल." वाढदिवसाला त्यांना कोणी फुलं दिली तर विचारायच्या, "ही किती दिवस टिकतात?"

एकदा मला वाटलं, या बाईच्या हट्टामागे काहीतरी दुःख असणार. कोणीतरी जवळचं चुकीच्या औषधाने गेलं असणार. मी चाचरत विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सगळे हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "नाही. कोणी गेलं नाही. माझे आईवडील म्हातारे होऊन व्यवस्थित गेले. काम बरोबर व्हावं असं वाटायला घरात मयत लागत नाही, कळलं?"

माझ्या वडिलांच्या एकाही पत्रकात इतकं धारदार वाक्य नव्हतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्याकडे एका औषधाचं काम जोरात होतं. लिव्हरवर चरबी साचते ना, त्यावरचं औषध. आपल्या लोकांत हा आजार किती आहे ते तुम्ही जाणताच. आमच्या मंडळात जिलबी नको म्हणणाऱ्या प्रत्येक काकांच्या खिशात त्याचा रिपोर्ट असतो. शाळेतल्या काळ्या उंदरांना तुपकट खाऊ घालून जाड केलं, औषध दिलं, आणि चरबी झरझर उतरली. सगळीकडे आनंद. पुढची पायरी माणसांची. त्याआधी उंदरांची एक शेवटची तुकडी तपासायची, मावशींनी अहवालावर सही करायची, की काम संपलं.

नेमका तेव्हा नेहमीच्या पुरवठादाराकडे उंदरांचा तुटवडा झाला. खरेदी विभागाने दुसऱ्याकडून मागवले. वाणाचं नाव तेच, रंग तोच. त्यांच्या दृष्टीने माल तोच.

औषध सुरू झालं, आणि काही दिवसांनी मी वजनं करायला पिंजरे उघडले, तर काही उंदीर कोपऱ्यात पोक काढून बसलेले. केस फुललेले. कानांना पिवळी झाक. मी मावशींना हाक मारली. त्यांनी एकाला ओंजळीत घेतलं, दिव्याखाली धरलं, त्याचे तळपाय पाहिले. लिव्हर बिघडलं होतं. सगळ्यांचं नाही, काहींचंच. पण शाळेत 'काहींचंच' असं कधी होत नाही. तिथे सगळे सारखे, म्हणून तर ती शाळा.

मावशींनी पिंजऱ्यांवरची पाटी वाचली, मग कोपऱ्यात पडलेला रिकामा खोका उलटा करून पुरवठादाराचं नाव वाचलं, आणि खोक्यावरच बसल्या.

"भावकी," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"आडनाव एकच, पण भावकी कधीची तुटलेली. याचं घराणं आणि आपल्या शाळेचं घराणं कित्येक वर्षांपूर्वी वेगळं झालं. तेव्हापासून ते तिकडे वाढले, हे इकडे. वाटणीनंतर प्रत्येक घरात थोडं थोडं बदलत जातं. वरून दिसत नाही. आत बदलतं. यांच्यात आपापसातही फरक आहेत बहुतेक, सगळे एका कुळाचे नसावेत." त्यांनी हातातल्या उंदराच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "हा खडा आहे, पोरी. दाढेखाली आलेला खडा."

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. काचेची खोली, तीन माणसं: मावशी, मी आणि आमचा डायरेक्टर रोहन. रोहन मिशिगनच्या ट्रॉयमध्ये वाढलेला, मराठी आईबापांचा मुलगा. त्याचं मराठी सगळं आईकडून आलेलं, म्हणून तो मोठ्यांनाही 'तू' म्हणतो. माणूस वाईट नव्हता. मंडळात मावशींच्या पाया पडायचा, त्यांच्या हातचा झुणका डब्यात भरून न्यायचा. हे मी मुद्दाम सांगते. वाईट माणसांविरुद्ध उभं राहणं सोपं असतं.

"मावशी, लुक," तो म्हणाला. "हे राँग माइस आहेत. आपले नाहीत. सप्लायरची मिस्टेक. ती बॅच आपण एक्सक्लूड करू, एक लाइन टाकू, आणि तू साइन कर. सिंपल."

"राँग कसे?"

"म्हणजे... आपला सगळा डेटा आपल्या माइसवर आहे ना. हे वेगळे आहेत."

"वेगळे आहेत हे मलाही मान्य. चुकीचे कसे? त्यांनी काय चूक केली? आपण बोलावलं म्हणून आले, आपण दिलं ते खाल्लं, आणि जे झालं ते आपल्याला दाखवलं."

"मावशी, इट्स मेसी. रिपोर्ट मेसी दिसेल."

"माणसं मेसीच असतात रे. तुझ्या मंडळाच्या हॉलमध्ये एकदा बघ. त्यातले कोण आपल्या शाळेचे आणि कोण या भावकीचे, हे तुला गोळी देण्याआधी कळणार आहे का?"

रोहनने डोळे चोळले. "मग तुला काय हवंय?"

"बाजार. मिश्र उंदरांवर पूर्ण तपासणी. कोणाला बाधतं आणि का बाधतं, ते कळू दे. मग माणसांकडे जा."

"आपल्याकडे तेवढा टाइम नाही यार! ट्रायलची तारीख ठरलीये. लोक वाट बघतायत."

"लोक औषधाची वाट बघतायत. तारखेची नाही."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, तुझं ग्रीन कार्ड अजून लाइनमध्ये आहे. तू इतकी वर्षं थांबलीस. जॉब गेला तर... डोंट डू धिस टू युअरसेल्फ."

मी खुर्चीत ताठ झाले. मावशी मात्र हसल्या.

"हे प्रेमाने सांगतोयस की धमकी देतोयस?"

"प्रेमाने, मावशी. आय स्वेअर."

"मग मीही प्रेमानेच सांगते. नाही."

आणि त्यांनी सहीचा कागद तसाच कोरा त्याच्याकडे सरकवला, दोन्ही हातांनी, अगदी हळू, जणू त्याच्यावर कोणी झोपलंय.

मग रोहनने माझ्याकडे पाहिलं. उंदरांची वजनं मी केली होती, नोंदी माझ्या होत्या. "तू करशील साइन?" मीही नाही म्हटलं. ती ओंजळ शेजारी असताना दुसरं काय म्हणणार होते?

बाहेर आल्यावर मी पेटले होते. सगळ्या कंपनीला एक ईमेल पाठवायचा माझा बेत ठरला. मजकूर डोक्यात तयार होता, सुरुवात अर्थात 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' याच चालीवर. मावशींनी माझा फोन काढून स्वतःच्या खिशात टाकला.

"आरडाओरडा केलास की ते आवाजाबद्दल बोलतील, लिव्हरबद्दल नाही. त्यांना ती संधी द्यायची नाही."

"मग काय गप्प बसायचं?"

"गप्प कोण बसतंय? लिहायचं. सगळं. दोन्ही तुकड्या, निरोगी आणि आजारी, एकही उंदीर न गाळता. आणि जिथे पाठवायचा हक्क आहे, तिथे पाठवायचं."

कंपनीच्या आतच एक सुरक्षा समिती होती. औषध माणसांपर्यंत जाण्याआधी शंका असेल तर कोणीही तिच्याकडे जाऊ शकतं, असं नियमात लिहिलेलं होतं. भिंतीवर त्याचं पोस्टरही होतं. पण ते खरं मानून कोणी तिकडे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मावशींनी पूर्ण अहवाल लिहिला, स्वतःची सही केली आणि उघडपणे, भरदुपारी, सगळ्यांसमोर समितीच्या ऑफिसात नेऊन दिला. रोहनला आधी सांगून. "लपून केलं तर ते माझ्या उंदरांना शोभणार नाही," म्हणाल्या.

समितीने औषध थांबवलं. मिश्र उंदरांवर तपासणी झाल्याशिवाय माणसांवर प्रयोग नाही, असं लेखी आलं. बाजारातले दिवे पूर्ण लागले. डॅरेल नवे पिंजरे मांडत शीळ घालत होता. मावशींनी आराखडा करून दिला: कोणाला किती, कधी, काय तपासायचं.

तो आराखडा सुरू झाला आणि विभागाची 'फेररचना' निघाली. हा शब्द तुम्हाला माहीत असेल. नव्या रचनेत सगळ्यांना जागा होती, फक्त मावशींना नव्हती. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून भांडायला धरण्याजोगं काही नव्हतं. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी गेली की देशात राहायची मुदत वाळूसारखी निसटते. या वयात, एका तपासणीवरून कंपनीशी नडलेल्या बाईला दुसरं कोण घेणार? दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली, थांबली.

मंडळातल्या लोकांना कळलं तेव्हा ते हळहळले. खरंच हळहळले. डबे आले, फोन आले. पण कमिटीचे काका त्यांच्या दिवाणखान्यात बसून म्हणाले, "मावशी, कशाला नडलात? आपण इथे शेवटी पाहुणे."

"पाहुण्याला गॅस गळतोय असा वास आला," मावशी म्हणाल्या, "तर त्याने सांगू नये का? यजमानाला वाईट वाटेल म्हणून?"

काका उठले. निघताना दारात थांबले आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "ते औषध... ट्रायलसाठी मी नाव देणार होतो. माझं लिव्हर..."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "जिलबी बंद करा."

शेवटी त्या भारतात परत निघाल्या, तेव्हा विमानतळावर मी सोडायला गेले. गाडी मी चालवत होते आणि त्या सारख्या म्हणत होत्या, हळू, हळू. सामान अगदी कमी. कुकर त्यांनी मला दिला होता, कढीपत्त्याची कुंडी डॅरेलला. आतल्या रांगेत शिरण्याआधी मी रडवेली झाले. त्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"बाजाराकडे लक्ष ठेव," त्या म्हणाल्या. "मधल्या रांगेतला तो तपकिरी चावरा आहे. त्याला घाई करायची नाही."

तपासणी पुढे पूर्ण झाली. मिश्र उंदरांतल्या बहुतेकांना औषध चांगलं लागू पडलं. काहींचं लिव्हर मात्र बिघडलं, अगदी त्या तुकडीसारखं. आजारी पडलेल्यांत एक आनुवंशिक खूण सारखी सापडली. तशी खूण माणसांतही असते का, आणि गोळी देण्याआधी रक्तातून ती ओळखता येईल का, हे आता तपासलं जातंय. औषध मेलं नाही. शहाणं होतंय. मावशींनी तेवढंच मागितलं होतं, आणि त्यासाठी ग्रीन कार्डची इतक्या वर्षांची रांग सोडून त्या चालत्या झाल्या.

गेल्या महिन्यात रोहनने हे सगळं मोठ्या सभागृहात मांडलं. सुंदर स्लाइड्स. 'आम्ही सुरुवातीपासूनच विविधतेचा विचार केला,' असं एक वाक्य पडद्यावर होतं. आम्ही! सुरुवातीपासून! माझ्या वडिलांची सगळी पत्रकं माझ्या घशाशी आली. पण आवाज खाली ठेवून मी फक्त हात वर केला आणि इंग्रजीत विचारलं, "हा आराखडा कोणी केला?"

रोहन थांबला. त्याने रिमोट टेबलावर ठेवला. पाण्याचा घोट घेतला. मला वाटलं, टाळणार.

"मावशी," तो म्हणाला. भरल्या सभागृहात, मराठीत. मग भानावर येऊन त्याने त्यांचं पूर्ण नाव सांगितलं, नीट, सावकाश, आणि म्हणाला की त्या आता इथे नाहीत, आणि तसं व्हायला नको होतं. पुढच्या वेळी त्याने ते भाषण केलं तेव्हा ती स्लाइड बदललेली होती. एवढ्याने मी त्याला माफ केलेलं नाही. पण नोंद करते.

मी मावशींना हे फोनवर सांगितलं. नागपुरात त्या आता एका कॉलेजात शिकवतात. पंख्याचा आवाज इतका मोठा, की त्यांना ओरडून बोलावं लागतं.

"त्याने नाव घेतलं तुमचं!"

"चालेल," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "तपकिरी कसा आहे?"

त्यांच्या गुलाबी चपला अजून माऊस रूमच्या दारातल्या फळीवर आहेत. नियमच तसा आहे. आतली चप्पल बाहेर जात नाही. त्यांना त्या नेताच आल्या नाहीत. खरं तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या चपला टाकून द्यायच्या असतात. डॅरेल दर सोमवारी फळी पुसतो, त्या दोन्ही उचलतो, खालून पुसतो आणि परत होत्या तशा ठेवतो. टोकं आतल्या दिशेला. मध्यंतरी कामाला लागलेल्या एका मुलाने विचारलं, यावर काय लिहिलंय? डॅरेल म्हणाला, "लिहिलंय, हात लावू नको."

आता मी माझ्या वडिलांचा नियम पाळते.

आज ना उद्या तुमच्या फोनवर ती बातमी येईलच. हळदीची असेल, डायबिटीसच्या गोळीची असेल, म्हातारपण थांबवणाऱ्या थेंबांची असेल. 'उंदरांवर यशस्वी.' ती पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला विचारा, कोणत्या उंदरांवर? सगळे एकाच घरचे होते, की वेगवेगळे? नवी गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, ही कोणाकोणावर तपासली, आणि त्यात माझ्यासारखं कोणी होतं का? ज्यांना बाधली ते मोजले, की 'चुकीचे' म्हणून गाळले? लोक हसतील. विषय बदलतील. चहा आणायला उठतील.

तुम्ही दोन्ही हात पुढे करा, ओंजळ धरा, आणि उत्तर मिळेपर्यंत ती मिटू नका.